पहिला पाइप: मक्याच्या कणसाचा

पाइप ओढायला शिकू पाहणाऱ्याने पहिल्याच खरेदीत महागडा ब्रायर, म्हणजे एका झुडपाच्या कठीण लाकडाचा पाइप, घेऊ नये, हे माझे मत मक्याच्या कणसाचा पाइप काही महिने वापरल्यावर पक्के झाले आहे. ब्रायरच्या नव्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागात, कार्बनचा पातळ थर साचेपर्यंत लाकूड करपण्याची भीती असते. कणसाचा सच्छिद्र गाभा मात्र ओलावा शोषून घेत असल्याने धूर पहिल्या दिवसापासून बराच कोरडा येतो. तंबाखू तळाशी सैल आणि वर थोडी घट्ट भरावी, पहिल्यांदा पेटवल्यावर फुगून आलेला थर हलकेच दाबून पुन्हा पेटवावा, आणि मग इतके सावकाश ओढावे की मध्येच पाइप विझला तरी बिघडत नाही. घाई केली की जीभ पोळते, हे मी पहिल्याच आठवड्यात अनुभवले. धूर तोंडातच घोळवायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. अर्थात त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. दोष सांगायचा तर वाटीत डोकावणारे लाकडी दांडीचे टोक हळूहळू जळते आणि तोवर धुराला किंचित कडवट चव राहते. सोबत आलेला कागदी फिल्टर मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.