नागपुरात बसून ट्राउटच्या माश्या बांधताना : एका संचाचे परीक्षण

मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अंबाझरी तलावाचे पाणीही हाताला कोमट लागते, त्या नागपुरातून ट्राउटच्या मासेमारीच्या साहित्यावर लिहिणे थोडे विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. त्याला साधारण २० अंशांच्या आतले, वाहते आणि स्वच्छ पाणी लागते. मात्र वर्षातून एकदा हिमाचलातील तीर्थन नदीवर जाणाऱ्या माणसाला उरलेले अकरा महिने हाताला काहीतरी काम हवे असते, म्हणून गेल्या मार्चमध्ये मी कृत्रिम माश्या बांधण्याचा एक संच साडेचार हजार रुपयांना ऑनलाइन मागवला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : लहानशा गळावर दोऱ्याने पिसे, केस, लोकर आणि तार गुंडाळून पाण्यातल्या किड्याची जी नक्कल केली जाते, तिला मासेमार ‘फ्लाय’ म्हणतात.

गळ घट्ट धरून ठेवणारा वाइस हा या संचाचा कणा, आणि नेमका तोच कच्चा निघाला. १२ नंबरचा गळ त्यात नीट बसतो. परंतु नंबर वाढेल तसा गळ लहान होत जातो, आणि १६ नंबरचा गळ लावून दोऱ्याला जरा ताण दिला की तो जबड्यातून खाली वळतो. पंधरा दिवसांत जबड्याच्या आतल्या बाजूला गळाच्या आकाराची खाच पडली, यावरून धातू किती मऊ आहे ते कळावे. वाइस टेबलाच्या कडेला आवळणारा क्लॅम्प इंचभरापेक्षा जास्त उघडत नसल्याने आमच्या सागवानी जेवणाच्या टेबलावर तो बसलाच नाही, आणि मला मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचा आश्रय घ्यावा लागला. (“बाबा, माझ्या वहीत पिसं सापडताहेत,” ही तक्रार अजून चालू आहे.)

गळांचीही तीच गत. वाइसमध्ये लावून अंगठ्याने दाबून सोडल्यावर चांगला गळ टणकन पूर्ववत होतो. सोबत आलेल्या २५ गळांपैकी ७ वाकले ते वाकलेच राहिले. बॉबिन, म्हणजे दोऱ्याचे रीळ धरणारे हत्यार, मात्र उत्तम आहे. तिच्या नळीला सिरॅमिकचे अस्तर असल्याने दोरा कडेला घासून तुटत नाही. शेवटची गाठ मारण्याचे आकडे-हत्यारही ठीक आहे. कात्री टोकाला कापत नव्हती. इतवारीतून भरतकामाची बारीक कात्री आणली आणि तो विषय संपवला.

खोक्यावर सर्वाधिक जाहिरात आहे ती पिसे, तार आणि चमकीच्या साहित्याची. गंमत अशी की, परदेशात ‘इंडियन नेक’ म्हणून विकली जाते ती कोंबड्याच्या मानेची पिसांसकट कातडी यात होती, म्हणजे आपल्या गावरान कोंबड्याचीच. पिसे आखूड असल्याने पाण्यावर तरंगणाऱ्या एका माशीला दोन-दोन लागतात, पण ती लहान गळाला शोभतात. मोरपिसाच्या हिरवट तंतूंनी माशीचे अंग फार सुरेख भरते. आपोआप गळलेली मोरपिसे देशात बाळगायला आणि विकायला कायद्याची आडकाठी नाही, परदेशी पाठवायला मात्र बंदी आहे. म्हणजे ज्या वस्तूसाठी पैसे मोजले, ती आपल्या गावाच्या शिवारात पडलेली असते.

तारेचा अनुभव तर सांगण्यासारखाच आहे. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच, दोरा न वापरता, आपली प्रसिद्ध माशी बांधली. तारेमुळे तिला वजन येते आणि ती बुडते. संचातली तार पाचव्या माशीला संपली. त्याच आठवड्यात आमच्या कूलरची मोटर जळाली, आणि रिवाइंडिंगवाल्याने टाकाऊ वेटोळ्यातली केसासारखी तार मूठभर फुकट दिली. तिच्यावर लाखेसारखे आवरण असल्याने ती काळी पडत नाही. माशीच्या अंगावर चमकता पट्टा द्यायला गांधीबागेतल्या जरीचा एक रीळ पुरला, आणि डोक्यावरच्या गाठीला बायकोचे रंगहीन नेलपॉलिश लावले. एवढेच की बांधताना कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर पिसे थेट स्वयंपाकघरात जातात. आणि मे महिन्यात कूलर बंद करणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे १ नोव्हेंबरपासून हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद होण्यापूर्वी, बांधलेल्या २३ माश्या घेऊन मी तीर्थनवर गेलो. विसाव्या शतकाच्या आरंभी कुल्लू खोऱ्यात आणलेला ब्राऊन ट्राउट आता तिथे रुळलेला आहे. कूलरच्या तारेच्या माशीवर पहिल्याच सकाळी वीतभर लांबीचा एक मासा लागला, तो सोडून दिला. दुपारी त्याहून बराच मोठा मासा लागला, दगडामागे गेला आणि दोरी एकदम सैल झाली. ओढून पाहिले तर तार जागच्या जागी, पिसे जागच्या जागी, फक्त संचातला गळ खिळ्यासारखा सरळ झालेला.

त्यामुळे हा संच घ्यावा का, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर नाही असेच आहे. जे घरी किंवा बाजारात सहज मिळते त्यावर यात पैसा खर्च केलेला आहे, आणि ज्याला पर्याय नाही त्या वाइसमध्ये आणि गळांत काटकसर केलेली आहे. बॉबिन आणि गाठीचे हत्यार सुटे घ्यावे, गळ नामांकित कंपनीचे घ्यावेत. वाइसचे जबडे मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून चांगल्या पोलादात, पाणी देऊन, नव्याने करून घेतले. त्याने साडेतीनशे रुपये घेतले आणि हे नेमके कशासाठी, असे तीनदा विचारले. १६ नंबरचा गळ आता हलत नाही.