हलक्या स्पोर्ट्स कारची स्वस्त क्लब मालिका: कोणती गाडी निवडावी?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण हौशी मोटार शर्यतींसाठीच घडवली असावी. गाडी सेकंडहँड, घासाघीस करून मिळवलेली. मग रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), रेसिंग सीट, पट्टे, हेल्मेट, मानेचा आधार, आग विझवायची यंत्रणा, टायरचे दोन संच, ट्रेलर. पहिल्या शर्यतीचा झेंडा पडायच्या आधीच मसाल्याने कोंबडीला मागे टाकलेलं असतं. म्हणून नवी मालिका काढायला निघालेली मंडळी ‘सगळ्यात स्वस्त गाडी कोणती?’ इथून सुरुवात करतात, तेव्हा मला वाटतं की त्यांनी चुकीच्या टोकाने सुरुवात केली आहे. विचारायचं ते दुसरंच. ही गाडी भिंतीला लागली तर पुढच्या शर्यतीपर्यंत, घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभी करता येईल का? आणि कोणी लबाडी केली तर ती तपासणीत सापडेल का?

या दोन प्रश्नांच्या उजेडात चार गाड्या पाहू. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, पहिली लोटस एलिस, केटरहॅम सेव्हन आणि तिसऱ्या पिढीची टोयोटा एमआर२. पाचवा पर्याय म्हणजे गाडी न ठरवता ‘वजनाच्या प्रमाणात ताकद’ एवढाच नियम लावायचा. त्याकडे शेवटी येतो.

हलकी गाडी का?

चालकासह १०३० किलोची गाडी ताशी १६० किमीवरून ६० वर आणायची, तर साधारण ८७० किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. तीच गोष्ट ६३० किलोच्या गाडीला ५३५ मध्ये जमते. यातली बहुतेक ऊर्जा दर वळणाला ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि वळताना टायरवर येणारा भारही वजनाबरोबरच वाढतो. हलक्या गाडीचे पॅड, डिस्क, टायर आणि चाकांची बेअरिंग जास्त टिकतात, ते यामुळे. इंजिनाची ताकद वाढवणं हा एकदाचा खर्च असतो. वजनाची किंमत मात्र दर शर्यतीला मोजावी लागते.

एक गोम आहे. गाडी जितकी हलकी, तितका चालकाच्या वजनातला फरक जाणवतो. दोन चालकांत ४० किलोंचं अंतर असेल, तर १०३० किलोंच्या हिशेबात ते जेमतेम ४ टक्के होतं, ६३० किलोंच्या हिशेबात ६ टक्क्यांच्या वर जातं. तेव्हा किमान वजन नेहमी चालकासह ठरवावं आणि शर्यत संपल्या संपल्या, गाडीतून कोणी उतरायच्या आत, काट्यावर घ्यावं. हे पहिल्याच नियमपुस्तिकेत नसेल तर पहिल्याच हंगामात भांडण ठरलेलं.

एमएक्स-५: कंटाळवाणं, पण बरोबर उत्तर

१९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही गाडी. वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास, १.६ लिटरचं सुमारे ११५ अश्वशक्तीचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. मालिकेसाठी हा शेवटचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा, कारण त्याचा अर्थ असा की दारं, बॉनेट, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल सगळं मोडीत निघालेल्या गाड्यांतून मिळतं.

पुढचे मडगार्ड बोल्टवर आहेत. एकाला धडक बसली तर काढा, दुसरा लावा, रंग जुळला नाही तरी कोण विचारतं. मागचा कोपरा मात्र अंगाशीच जोडलेला असल्याने तिथे पत्र्याचं काम करावं लागतं. चाकांचा कोन बदलायला कारखान्यातूनच विकेंद्री (आस मध्यापासून सरकलेले) बोल्ट येतात, वेगळा सुटा भाग लागत नाही. आणि चारही टायर एकाच मापाचे! ही गोष्ट कागदावर क्षुल्लक वाटते. पुढचे झिजले की मागे टाकता येतात, एकच जास्तीचं चाक चारही जागी चालतं आणि टायरवाल्याकडे एकाच मापाची घाऊक मागणी करता येते. एलिस आणि एमआर२ या दोन्हींत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत. तिथे ही सोय गेली.

दोष आहेतच. दाराखालच्या पट्टीला आणि मागच्या चाकांच्या कमानींना गंज खातो, आणि केज ठोकायला नेमका तोच पाया लागतो. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची खाच झिजायची खोड आहे. शर्यतीत पुढचे हब टिकाऊ समजू नयेत, ते पॅडसारखेच अधूनमधून बदलायचे. आणि उघड्या टपाच्या गाडीला केज हवाच, त्यावर काटकसर नाही.

अमेरिकेत या गाडीवर उभी राहिलेली ‘स्पेक मियाटा’ (मियाटा हे एमएक्स-५ चं तिथलं नाव) ही वर्गवारी आपल्या कामाची आहे, यशासाठीही आणि ठेचांसाठीही. तिथे १.६, १.८ आणि पुढच्या पिढीची इंजिनं एकत्र धावतात आणि समतोल साधायला वेगवेगळी किमान वजनं, काहींना हवेचा मार्ग आवळणारी प्लेट असं करावं लागतं. परिणामी कोणत्या वर्षीची गाडी यंदा फायद्यात, हा वाद कायमचा. नव्या क्लबने ही डोकेदुखी का घ्यावी? एकच इंजिन निवडा. गाड्या थोड्या कमी मिळतील, झोप जास्त मिळेल.

एलिस: मनात भरते, खिशात मावत नाही

१९९६ ची पहिली एलिस म्हणजे हलकेपणाचा धडाच. ॲल्युमिनिअमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेली चासी अवघी ६८ किलोंची, पूर्ण गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास, मध्यभागी रोव्हरचं १.८ लिटरचं ११८ अश्वशक्तीचं इंजिन. चालवायला या यादीत हिच्या तोडीची दुसरी नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

पण ती चिकटवलेली चासीच क्लब शर्यतीत अंगाशी येते. पोलादी नळी वाकली तर कापून नवी जोडता येते. चिकटवलेली ॲल्युमिनिअमची पट्टी वाकली तर शेडमध्ये बसून तसं करता येत नाही, बहुधा पूर्ण चासीच बदलायची पाळी येते. पुढचं अंग एकसंध फायबरचं असल्याने एका कोपऱ्याला तडा गेला तरी दुरुस्ती सगळ्या पुढच्या भागाची. या रोव्हर इंजिनाचं हेड गॅस्केट जायची कीर्ती सर्वदूर आहे. आणि एलिसचं उत्पादन २०२१ मध्ये संपलं, त्यामुळे दर ठोकलेल्या गाडीबरोबर ग्रिड (सुरुवातीला उभी राहणारी गाड्यांची रांग) कायमचं आक्रसतं. उद्या जिचे संग्राहकांकडून चांगले पैसे येतील, ती गाडी पहिल्या वळणावर बारा जणांच्या घोळक्यात कोण घुसवेल? मालक जपून चालवणार आणि शर्यतीची मिरवणूक होणार.

गाड्या एकेकट्या सोडून घड्याळाशी लढायचा प्रकार असेल, तर हेच दोष निम्म्याने कमी होतात. तिथे एलिसचा विचार जरूर करावा.

केटरहॅम: आधी महाग, मग स्वस्त

लोटसने १९५७ मध्ये आणलेली सेव्हन, तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे आले आणि गाडी अजून बनते आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनिअमचे पत्रे, वजन पाचशे-साडेपाचशे किलोंच्या घरात. विकत घ्यायला या चौघांत हिलाच सगळ्यात जास्त पैसे लागतील. पण पॅड आणि टायर पुरवून पुरवून वापरता येतात, नळी वाकली तर वेल्डर सरळ करतो आणि विकताना गाडीचा भाव टिकून असतो. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर आकडे बरेच जवळ येतात. अडचण अशी की नवखा माणूस पाच वर्षांचा हिशेब मांडत नाही, तो पहिला धनादेश बघतो.

ब्रिटनमधली ‘केटरहॅम ॲकॅडमी’ १९९५ पासून चालू आहे आणि तिची रचना उचलण्यासारखी आहे. फक्त नवखे चालक, सगळ्यांची गाडी सारखी, इंजिन उघडलं तर कळावं म्हणून त्याला सील. हवं तर गाडी स्वतःच्या हाताने जोडायची. जो आपली गाडी स्वतः जोडतो, त्याला ती दुरुस्तही करता येते. शिवाय एक वर्ष झालं की बाहेर, वरच्या वर्गात जायचं. त्यामुळे दहा वर्षं मुरलेला कसलेला गडी नवख्यांना धुऊन काढतोय, हे चित्र तिथे दिसत नाही.

धोका उघड्या चाकांचा. दोन गाड्यांची चाकं एकमेकांत अडकली की एक वर चढते. शेजाऱ्याला घासून वाट काढायची सवय असलेल्या मंडळींना ही गाडी देऊ नये.

याच आकाराची गाडी चौकोनी पोलादी नळीतून स्वतः बनवायचा ‘लोकॉस्ट’ प्रकारही आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ७५० मोटर क्लबने त्याची मालिका चालवली. वेल्डिंग येणारे डझनभर सभासद असतील तर यापेक्षा स्वस्त काही नाही. नसतील तर अर्धवट सांगाडे वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहतात.

एमआर२ बद्दल थोडक्यात

१९९९ ते २००७ या काळातली, हजार किलोंच्या आतबाहेरची, मध्यभागी १.८ लिटरचं सुमारे १४० अश्वशक्तीचं इंजिन. गाडी चांगली. पण सुरुवातीच्या इंजिनांना तेल पिण्याची खोड, एक्झॉस्टमधला छोटा कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) फुटून त्याचा चुरा इंजिनात ओढला जाण्याचा धोका, आणि मध्यइंजिन गाडी घसरली की नवख्याला सावरायला क्षणभरही देत नाही. जिथे एमएक्स-५ गंजून संपल्या आहेत आणि या टिकल्या आहेत, तिथेच ही निवडावी.

‘काहीही आणा’ आणि नियम पाळले जातात का

पाचवा पर्याय दिसायला सगळ्यात उदार. कोणतीही हलकी गाडी आणा, प्रति किलो ताकद ठरल्या मर्यादेत ठेवा. पहिल्याच वर्षी ग्रिड भरतं, कारण गाडी प्रत्येकाच्या दारात आधीच उभी असते. दुसऱ्या वर्षी कोणीतरी इंजिनाच्या संगणकाची जुळणी अशी करतो की कमाल ताकद मर्यादेतच दिसते, पण ताकदीचा आलेख डोंगरासारखा न राहता पठारासारखा सपाट होतो. कागदावर नियम पाळलेला, वळणातून बाहेर पडताना मात्र गाडी सगळ्यांच्या पुढे. यावर उतारा म्हणजे कमाल आकडा न बघता शर्यतीत इंजिन ज्या वेगांनी फिरतं त्या सगळ्या पल्ल्यातली सरासरी ताकद मोजायची, तीही एकाच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर). दोन डायनो कधीच एकच आकडा सांगत नाहीत. म्हणजे ‘मोकळा’ वर्ग चालवायला सगळ्यात जास्त यंत्रणा लागते.

एकाच गाडीच्या मालिकेतही लबाडी होते, ती फक्त आत दडते. २०१४ मध्ये लगुना सेका ट्रॅकवर झालेल्या, अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत स्पेक मियाटाच्या पुढच्या फळीतल्या अनेक गाड्या, इंजिनं उघडल्यावर सिलिंडर हेडमधल्या बेकायदा कामामुळे बाद झाल्या. एवढी मोठी संस्था, एवढे अनुभवी तपासनीस, तरी हे घडलं. दर शर्यतीला हेड उघडणं छोट्या क्लबला परवडणार नाही. त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे सील केलेलं इंजिन. दुसरा मला जास्त आवडतो. अमेरिकेतल्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या काही शर्यतींत असतो तसा हक्काच्या खरेदीचा नियम: जिंकलेल्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला दुसरा स्पर्धक मागू शकतो आणि ते द्यावंच लागतं. दहापट खर्चून बनवलेलं इंजिन त्या भावात कोणीतरी उचलून नेईल, या धास्तीनेच कोणी ते बनवत नाही. मैत्रीत थोडी कटुता येते, हे खरं.

टायर मात्र सगळ्यांना एकच, रस्त्यावर चालणारा, टणक जातीचा, आणि हंगामाला किती संच वापरायचे ते मोजून. मऊ टायर फेरीला एखाद-दोन सेकंद देतात, पण ते सगळ्यांनाच देतात. मग मिळालं काय?

मी तुमच्या जागी असतो तर

एमएक्स-५ घेतली असती, एकाच इंजिनाची. पंधरा सभासद नवे किट (स्वतः जोडायच्या गाडीचा संच) घ्यायला लेखी तयार असतील आणि उत्पादक सुटे भाग ट्रॅकवर आणून देणार असेल, तरच केटरहॅम.

पहिल्या वर्षी स्वतंत्र शर्यत ठेवण्याचा मोह आवरला असता. ट्रॅकचं भाडं, मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा पाहणारी माणसं), रुग्णवाहिका, विमा हे दहा गाड्यांना तेवढंच आणि वीस गाड्यांनाही तेवढंच. दहा जणांवर तो बोजा दुप्पट पडतो. तेव्हा साधारण सारख्या वेगाच्या एखाद्या जुन्या मालिकेच्या ग्रिडला मागून चिकटायचं आणि निकाल वेगळा लावायचा. एका गाडीत दोन चालक आणि पाऊण तासाची शर्यत ठेवली तर गाडीचा खर्चही दोघांत वाटला जातो.

आणि नियम जाहीर करण्याआधी क्लबने स्वतः एक गाडी पूर्ण बांधून पाहिली असती, प्रत्येक बोल्टची पावती जपून. ‘एवढ्यात गाडी तयार होते’ हा आकडा मग त्या पावत्यांच्या बेरजेतून सांगायचा.