पंपाच्या मोटरीत १७,९४९ रुपये बुडवले, आणि वर शहाणपणा ऐकून घेतला

आधीच सांगतो, मी विजेला घाबरणारा माणूस नाही. घरातले पंखे, गिझर, पाण्याची मोटर सगळं स्वतः खोलतो, म्हणून तर हे लिहायला लाज वाटतेय. आणि घरी पोहण्याचा तलाव म्हणजे पैशाचा माज, असं मनात आलं असेल तर तेही काढून टाका. वडिलांच्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम सांगितलाय, त्यासाठी केलेला तो हौद आहे.

फिल्टरचा पंप एका सकाळी नुसता घूंऽऽ करू लागला. मोटर फिरेना, थोड्या वेळात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायची. सिंगल फेज मोटर अशी गुणगुणली की पहिला संशय कपॅसिटरवर (मोटरीला फिरायला धक्का देणारा भाग) आणि दुसरा इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चाकात) अडकलेल्या कचऱ्यावर घ्यायचा. हे मला माहीत होतं! मेन बंद केला, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मोकळा होता. कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला (स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे बहाद्दर कृपया लांब राहा) आणि बाहेर काढला, तर त्याचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. नवा कपॅसिटर घालायचा, संपलं काम. पण पंप बंद राहिला की पाणी बघता बघता हिरवं होतं. त्या घाईत, ‘एकदा कंपनीला विचारून घेऊ’ म्हणून नेटवर पहिला दिसला तो सर्व्हिसचा नंबर फिरवला.

तो नंबर कंपनीचा नव्हता, हे तुम्ही ओळखलंच असेल.

माणूस गोड. “साहेब, ऑनलाइन तपासणी २,४९९.” भरले. व्हिडिओ कॉलवर मी फुगलेला कपॅसिटर त्याच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, “वाइंडिंग (मोटरीतली तारेची गुंडाळी) जळलं की तो असाच फुगतो.” आणि मी मान डोलावली! मीटर लावायला सांगितलं नाही, वाइंडिंगचा रेझिस्टन्स विचारला नाही, जळका वास येतोय का तेही नाही. कॅमेऱ्यातून वाइंडिंग कुणाला दिसतं? हा प्रश्न मला त्या रात्री दोन वाजता पडला, तोवर ‘एक्स्चेंजमध्ये ओरिजिनल मोटर’चे ११,८०० गेले होते. त्यावर ‘परत मिळणारा वाहतूक विमा’ ३,६५०. एकूण १७,९४९. शिवाय माझी जुनी मोटर त्यांचा माणूस घेऊन गेला, ती वेगळीच.

आलेल्या मोटरीला रंगाचा ताजा वास. नेमप्लेटच्या कडेला नख घातलं तर ती सोलून हातात आली, खाली दुसरी प्लेट, दुसराच नंबर. तरी जोडली. (कारण? पैसे भरलेले असतात ना, मग डोळे मिटतात.) स्विच टाकताक्षणी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडली. पुन्हा टाकली, पुन्हा पडली. फोनवर उत्तर आलं, “आरसीसीबी काढून डायरेक्ट द्या, पंपाला ती लागत नाही.”

त्या वाक्याने माझी नशा उतरली. ३० मिलिअँपची ती आरसीसीबी तलावावर असते ती पाण्यातल्या माणसासाठी. ती पडते म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. त्याचं ऐकलं असतं तर त्या पाण्यात माझे वडील उतरले असते. कुणीही, अगदी कंपनीचा असला तरी, ती किंवा अर्थिंगची वायर काढायला सांगत असेल तर फोन ठेवा.

नंतर बोलावलेल्या वायरमनने त्या आलेल्या मोटरीला मेगर (करंट गळतोय का ते तपासणारं मीटर) लावला. ५०० व्होल्टला किमान १ मेगाओहम हवा, निघाला ०.२. माझा जुना कपॅसिटर त्याने मोजला. वर लिहिलंय २५ मायक्रोफॅरड, भरले ४. म्हणजे माझी मोटर बहुतेक धडधाकट होती, आणि ती मीच उचलून दिली.

बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कंपनी म्हणते नंबर आमचा नाही, आम्ही काय करणार? (तुमच्या नावाने दुकान चाललंय, निदान तक्रार तरी करा!) ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा. तो पत्ता पोलिसांनी शोधायचा. पोलीस म्हणतात, “मोटर आली ना? मग ही फसवणूक कशी? हा दिवाणी वाद.” मी खोटी नेमप्लेट टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटी धरून पाहिली आणि विचारलं, “घरी स्विमिंग पूल आहे? मग सतरा हजारांसाठी कशाला हेलपाटे घालताय?” शेजारचे दोघे हसले. पूल असणाऱ्याला लुटायची परवानगी असते का? चार फेऱ्या झाल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. स्क्रीनशॉट मोबाइलवर चालत नाहीत, प्रिंट आणा. प्रिंट आणल्या तर रंगीत हव्यात.

एक्स्चेंजला जुनी मोटर देऊ नका, नवी चालेपर्यंत तर नाहीच. नंबर मोटरीबरोबरच्या कागदावरून घ्या, नेटवरून नको. जोडणीआधी मेगर लावून घ्या, आणि पार्सल उघडतानाचं शूटिंग ठेवा. माझ्याकडे नाही.

पाचव्या फेरीत अर्जाची पोच मिळाली. विषयाच्या जागी लिहिलंय: ‘मोटर गहाळ झाल्याबाबत.’