जुना अ‍ॅनालॉग सिंथ: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

सत्तरच्या दशकाच्या शेवटचा, दोन ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणारी सर्किटं) जपानी मोनोसिंथ, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजवणारा सिंथेसायझर, सेकंडहँड घेतला. आवाजाबद्दल तक्रार नाही. बेस वाजला की खिडकीची काच थरथरते. तक्रार आहे ती सुराची. पांढरी सहा ४४० ला लावून बसावं, तर अंतऱ्यापर्यंत पट्टी सरकलेली.

अशा वेळी आतले प्रीसेट (बोर्डावरचे, स्क्रूसारखे फिरवून जुळवायचे छोटे पॉट) फिरवायची फार घाई होते. ती टाळा. आधी ऐका: दोन्ही ऑसिलेटर मिळून सरकतात की एकटाच? मिळून सरकत असतील तर संशय पॉवर सप्लायवर किंवा कीबोर्डच्या व्होल्टेजवर. माझ्या सिंथमध्ये यंत्र तापेल तशी +१५ व्होल्टची लाइन उतरत होती. इथे स्वर व्होल्टेजवरून ठरतो: सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे शेजारच्या पट्टीपर्यंत जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. मीटरवर किरकोळ वाटणारी घट कानाला टोचते. सप्लायमधला गंजका प्रीसेट बदलला आणि ही घसरण थांबली. (जपानच्या बाजारासाठी बनवलेलं मॉडेल १०० व्होल्टचं असतं, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि झाकण उघडल्यावर मेन्सच्या बाजूला हात नको.)

उरला दुसरा ऑसिलेटर. तो एकटाच बिघडलेला. मग खालचं आणि वरचं सप्तक ट्यूनरवर तपासलं. सगळीकडे फरक सारखाच असता तर ट्यूनचा पॉट (फिरवायचं बटण) किंवा त्याच्या आसपासचं काही, एवढ्यावर भागलं असतं. पण वर जाऊ तसा फरक वाढत होता. हे स्केलचं, म्हणजे सप्तकांमधल्या अंतराचं दुखणं, आणि त्याचं मूळ बहुधा एक्स्पोनेन्शिअल कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे कीच्या व्होल्टेजवरून ऑसिलेटरची कंपनसंख्या ठरवणाऱ्या सर्किटमध्ये. तिथली ट्रान्झिस्टरची जोडी तापमानाला फार हळवी: भरपाई नसेल तर अंशामागे साधारण ०.३३ टक्के, म्हणजे एका सप्तकात जवळपास ४ सेंट (शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट). भरपाईसाठी टेम्पको रेझिस्टर (तापमानाप्रमाणे ठरावीक प्रमाणात बदलणारा) असतो, पण तो त्या जोडीला चिकटलेला हवा. माझ्याकडची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. हेअर ड्रायरची हलकी झुळूक दिली की वरचे स्वर उतरायचे. नवी पेस्ट लावली, मग स्केलचा प्रीसेट फिरवला. आता कुठे त्याला अर्थ होता.

पावसाळ्यात निराळंच. रिलीज (की सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) लांब ठेवून की सोडली की स्वर हळूहळू घसरायचा. शेवटच्या कीचं व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरभोवती ओलसर धुळीतून लीकेज होत होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसल्यावर बराच फरक पडला, पूर्ण नाही.

आजही वाजवण्याआधी अर्धा तास चालू ठेवतो आणि एसीच्या झोतापासून लांब. स्टुडिओत हे चालतं. रोजच्या कार्यक्रमांना साथ करायची असेल तर जुनो-१०६ सारखा १९८४ चा डीसीओवाला (डिजिटल नियंत्रणाच्या ऑसिलेटरचा) बघा, त्याची पट्टी डिजिटल क्लॉकवरून ठरते. त्याचे व्हॉइस चिप मात्र वयोमानाने जातात, तो ताप वेगळा.