कलचाचणी ठीक, पण पैसे वसूल होतात ते नंतरच्या तासात

बडोद्यात रावपुऱ्यातल्या ह्या करिअर मार्गदर्शन केंद्राला पाचापैकी चार तारे. एक तारा का कापला ते खाली येईलच.

लेक दहावीत आहे, गुजरात बोर्ड. घरात दोन पक्ष पडले होते. तिची आत्या नर्स, तिचा आग्रह बी ग्रुपचा, म्हणजे बायोलॉजी आणि पुढे डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा. शेजारचे काका रोज फाटकापाशी उभे राहून कॉमर्सचे फायदे सांगायचे. लेकीला बायोलॉजीत मार्क चांगले पडतात, पण परीक्षा संपली की पुस्तक पुन्हा उघडत नाही. शेवटी हिची आई म्हणाली, कुणा जाणत्या माणसाला तरी विचारू या.

आधीच एक सांगतो. करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली बोटांचे ठसे घेणारे लोक सध्या बरेच फिरतायत. आमच्या नात्यातल्या एकांनी मुलाचे ठसे देऊन जाडजूड रंगीत फाईल घरी आणली होती. ठशांची नक्षी पोटात असतानाच ठरलेली असते आणि तिचा बुद्धीशी किंवा आवडीशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. रावपुऱ्यातल्या बाईंना फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारला, की तुम्ही ठसे घेता का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही पेन्सिल देतो." तिथेच नाव नोंदवलं.

चाचणी सकाळी, साधारण तीन तास. 1947 साली अमेरिकेत निघालेल्या डीएटी चाचणीच्या घराण्यातली आहे, म्हणजे शब्द, आकडे, आकृत्या, यंत्रांची समज, अवकाशाची समज, कारकुनी वेग असे वेगवेगळे भाग. जोडीला मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या सहा प्रकारांवर बेतलेली आवडीनिवडीची प्रश्नावली. पास-नापास काही नाही.

मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. मीटर काय दाखवतो ह्याआधी तो कशाशी कॅलिब्रेट केलाय, हे विचारायची सवय. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर विचारलं, हे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे तो आकडा, कुणाच्या तुलनेत? बाईंनी न चिडता प्रमाणकांची वही, म्हणजे भारतीय मुलांचे तुलनेचे आकडे, काढून दाखवली. शिवाय आपण होऊन सांगितलं की शब्दांच्या भागातल्या 41 वर फार जाऊ नका. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि चाचणी इंग्रजीत. हा आकडा बुद्धीपेक्षा त्या भाषेच्या सरावाबद्दल जास्त बोलतो. स्वतःच्याच रिपोर्टातला आकडा खोडणारा माणूस मला लगेच पटतो.

अवकाशाच्या समजेत मात्र 96. सपाट कागदाची आकृती दिलेली असते, ती दुमडली तर चारपैकी कोणता खोका होईल ते ओळखायचं.

खरं काम नंतरच्या तासात झालं. बाईंनी आम्हाला गप्प बसायला सांगून लेकीला विचारलं, "कुणी न सांगता तू घरी काय करतेस?" लेक जरा घुटमळली आणि मखराबद्दल बोलायला लागली. गेल्या गणपतीत तिने बडोद्याचा मांडवी दरवाजा केला होता, कारखान्यातून आणलेल्या पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा. मोबाईलवर फोटो होताच. बाईंनी तो मोठा करून कमानीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. इथे जोड का दिसत नाही? लेकीने कागद घेतला, चारही भिंती एका ओळीत सपाट काढल्या, घडीच्या रेघा तुटक, गोंदाची पट्टी मागच्या बाजूला. वर म्हणाली, विसर्जनानंतर घडी घालून माळ्यावर ठेवता यायला हवा होता. मग बाईंनी उलटतपासणीच घेतली. माप चुकलं तेव्हा काय केलंस? मदतीला कोण होतं, त्यांना काम वाटून दिलंस की सगळं स्वतःच केलंस? रंगवायला कंटाळा आला का? (आला. रंगवलं मी आणि हिच्या आईने.) हे शेवटचं उत्तर बाईंनी लिहून घेतलं. सजावटीपेक्षा रचनेत रस, असं त्यांचं म्हणणं.

कुठल्या एका नोकरीचं नाव त्यांनी दिलं नाही. आत्याला हे पटलेलं नाही, एवढे पैसे घेऊन नाव तरी सांगायचं! पण मला त्यांचा हिशेब बरोबर वाटतो. पाच वर्षांच्या आर्किटेक्चरला फिजिक्स-मॅथ्स लागतं. इंजिनीअरिंगलाही लागतं. अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइनच्या संस्थेला किंवा इथल्या फाइन आर्ट्सला कुठल्याही शाखेतून जाता येतं. म्हणजे आत्ता ए ग्रुप (बायोलॉजीऐवजी मॅथ्स) घेतला तर चारही दारं उघडी राहतात, बी घेतला तर पहिली दोन बंद. गणितात तिला 78 होते, "झेपेल, पण रोज बसावं लागेल" असं तिच्या तोंडावर सांगितलं.

आता कापलेला तारा. रिपोर्टची अर्धी पानं छापील साच्यातली. 'तुम्हाला मित्रांची कदर आहे' हे वाक्य आमच्या वॉचमनलाही लागू पडेल. करिअरच्या यादीत पायलटपासून वाइन टेस्टरपर्यंत सगळं आहे (गुजरातेत!), पण दहावीनंतरच्या डिप्लोमाचा उल्लेखही नाही. विचारल्यावर बाईंनी तोंडी नीट सांगितलं, तीन वर्षं डिप्लोमा आणि मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला. मग छापत का नाहीत? ज्या सयाजीरावांनी 1890 मध्ये हाताचं कसब शिकवायला कलाभवन काढलं, त्यांच्या गावात ही यादी शोभत नाही.

फी साडेतीन हजार, बारावीनंतरची एक भेट त्यातच. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी 'तमन्ना' ही एनसीईआरटी आणि सीबीएसईची चाचणी आहे, तिला पैसे पडत नाहीत. आकडेच हवे असतील तर आधी शाळेत तिची चौकशी करा. समोर बसून विचारणारं माणूस हवं असेल तर इथे या.

दहावीच्या निकालाआधीच जा, नंतर तारीख मिळत नाही. जिना अरुंद आहे, आजी-आजोबांना नेऊ नका. गाडी सूरसागरच्या बाजूला लावून चालत या.