डिस्प्ले येत नाही: पॅनल बदलायचं की मदरबोर्डला हात घालायचा?

लॅपटॉपचं बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच. अशा वेळी बहुतेक जण ‘स्क्रीन गेली’ असं ठरवून थेट नव्या पॅनलची, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या स्क्रीनच्या सुट्या भागाची, चौकशी सुरू करतात. जरा थांबा. दोष स्क्रीनच्या बाजूचा आहे की मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, हे आधी कळायला हवं. खर्चाचं गणित सगळं त्यावरच आहे.

चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. साचलेला चार्ज निघून गेला की कधीकधी लॅपटॉप मुकाट सुरू होतो. नाही झाला तर कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त दिसत नाहीये. आता बाहेरचा मॉनिटर जोडा. लगेच चित्र आलं नाही तर विंडोजचं बटण धरून पी दाबा.

बाहेर चित्र आलं तर सुटलात. दुरुस्ती स्क्रीनपुरती आहे आणि ती बहुधा पक्की होते. अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरपी मारा. पुसट आयकॉन दिसले तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणारा दिवा, गेलाय. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्या. केबल पॅनलपेक्षा स्वस्त, म्हणून आधी तीच तपासून घ्या. पॅनल घ्यावंच लागलं तर नंबर जुन्या पॅनलच्या मागच्या लेबलवरून घ्या. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये ३० पिनचंही पॅनल असतं आणि ४० पिनचंही. ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

बाहेरही काळोखच असेल आणि कॅप्स लॉकही ढिम्म, तर गाडी मदरबोर्डकडे वळते. त्यातही पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डात खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. बॅटरीची जोडणी सोडवून रॅम काढा, सोनेरी कडा पुसा, परत नीट बसवा; दोन असतील तर एकेक लावून बघा. फुकटात सुटण्याची शक्यता इथेच. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे ती काढता येत नाही.

त्यापुढचं चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरची एखादी चिप दुरुस्त करणं किंवा बदलणं, हा जुगार. चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप नुसती गरम करून बसवलेली असेल तर ती पुन्हा कधी दगा देईल याचा नेम नाही. जुन्या मशीनवर हा खर्च मी करणार नाही. डेटा साठवणारी एसएसडी सुटी असेल तर ती काढून डेटा घेईन आणि मोकळा होईन. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा-कुलूप, असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

काम टेबलावरच होत असेल आणि बाहेरचा मॉनिटर चालत असेल, तर पॅनलही न बदलता भागतं. फक्त झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ हे पॉवर सेटिंग लावून ठेवा, नाहीतर झाकण लावताच लॅपटॉप झोपी जाईल.