दहावीच्या मराठीसाठी रुब्रिक: वर्षभराच्या वापरानंतर

कर्नाटकात दहावीला प्रथम भाषेच्या 125 गुणांपैकी 25 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेतील शिक्षकांच्या हातचे असतात. खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेत दोन भरगच्च तुकड्यांना दोन शिक्षक मराठी शिकवतात, आणि एकाचा सढळ, दुसऱ्याचा आखडता हात थेट निकालात उतरत असे. म्हणून जूनपासून निबंध व पत्रलेखनासाठी आम्ही एकच रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचे निकष मांडणारा तक्ता, वापरले.

आशय, मांडणी आणि भाषा असे तीन रकाने केले. त्यांपैकी भाषेच्या रकान्याचा उपयोग सर्वाधिक झाला. सीमाभागातील मुलांच्या लेखनात कानडी वळणाची वाक्ये येतात, ऱ्हस्व-दीर्घही चुकते. माझे सहकारी त्यासाठी प्रत्येक प्रश्नात गुण कापत, तर मी बहुधा काणाडोळा करीत असे. आता त्या चुकांचा हिशेब एकाच रकान्यात होतो आणि चांगल्या आशयाचे गुण त्यापायी जात नाहीत.

मात्र तक्ता केला की एकवाक्यता आपोआप येते, असे नाही. ‘मुद्दे सुसंगत आहेत’ या ओळीचा अर्थ पहिल्या चाचणीत आम्ही दोघांनी वेगवेगळा लावला. त्यानंतर मोजक्या उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून, गुण ताडून मगच गठ्ठा हाती घ्यायचा, असे ठरवले, आणि खरा फरक तेव्हापासून दिसला. स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी 1913 मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा तिला 28 पासून 95 पर्यंत गुण पडले होते. भूमितीची ही गत, तर निबंधाचे काय!

एका विद्यार्थ्याची संपूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्या गठ्ठ्यातील एकच प्रश्न सलग तपासणे आणि पुढील प्रश्नाला गठ्ठ्याचा क्रम बदलणे, हेही लाभदायक ठरले, कारण शेवटच्या उत्तरपत्रिकांच्या वाट्याला नेहमी थकलेला परीक्षक येत नाही. नावे झाकण्याचा प्रयोग मी सोडून दिला. वर्षभर वह्या तपासल्यावर अक्षर ओळखू येतेच.

वेळ निश्चितच जास्त लागतो, विशेषतः सुरुवातीला. शिवाय चाकोरीबाहेरचा निबंध मांडणीच्या रकान्यात मार खातो, त्यामुळे अशा निबंधावर खूण करून तो दुसऱ्या शिक्षकाने वाचावा, अशी सोय आम्ही ठेवली आहे. कवितेच्या रसग्रहणाला मात्र हे रुब्रिक लागू पडले नाही. तेथे रकाने भरण्यासाठी मुले ठरावीक वाक्ये पाठ करू लागली, म्हणून तो प्रश्न आम्ही रुब्रिकमधून वगळला.